आजी जवळची नातेवाईक असते का?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या अगदी उत्तरेला डर्बी लाइन नावाचं छोटं गाव आहे. तिथलं ग्रंथालय १९०४ साली मुद्दाम सरहद्दीवर उभारलं गेलं. अर्धी इमारत अमेरिकेत, अर्धी कॅनडातल्या स्टॅनस्टेड गावात. वाचनाच्या खोलीत जमिनीवर एक काळी पट्टी आहे. पट्टीच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा. मुख्य दार अमेरिकेत, पुस्तकांची कपाटं बरीचशी कॅनडात. कॅनडाच्या वाचकाने फुटपाथवरून चालत यायचं, पुस्तक बदलायचं, परत जायचं. पासपोर्ट दाखवायचा नाही. शंभरावर वर्षं हा रिवाज बिनबोभाट चालला होता.

२०१८ साली तिथे वेगळेच लोक दिसायला लागले. पुस्तकांकडे न बघता ते दाराकडे डोळे लावून उभे राहत. अमेरिकेच्या बाजूने विशी-तिशीतली मुलंमुली, कॅनडाच्या बाजूने त्यांचे आईबाप. सगळे इराणी. मुलांचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा. अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं की परत आत येता येईल याची खात्री नाही. आईबापांना अमेरिकेचा व्हिसा मिळणं बंद झालेलं. कॅनडाचा मिळालाच तर तिथपर्यंत विमानाने, पुढे गाडीने, आणि मग कैक वर्षांनी या खोलीत गळाभेट. ग्रंथालयातल्या लोकांनी काही दिवस कानाडोळा केला. मग कौटुंबिक भेटीगाठींना इथे मनाई आहे अशी पाटी लागली. त्यांना दोष देववत नाही. दोन देशांची सरकारं मानगुटीवर बसलेली असताना ग्रंथपालाने किती भार सोसायचा?

मागे जायला हवं. २७ जानेवारी २०१७ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा आदेश काढला. त्यात इराण होता. कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. जूनमध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अमेरिकेतल्या माणसाशी ज्यांचं खरंखुरं नातं आहे त्यांना अडवू नका. झालं, सरकारने नात्यांची वाटणी केली. आईवडील, नवराबायको, मुलं, भावंडं, सून-जावई हे जवळचे. आजी-आजोबा, नातवंडं, काका, मामा, मावश्या हे लांबचे. जुलैत हवाईतल्या एका संघीय न्यायाधीशाला बसून निकाल द्यावा लागला की आजी-आजोबा जवळच्या नात्यात येतात. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या न्यायालयात हा मुद्दा वादाचा ठरला, हे वाचून मला हसू आलं होतं. पुढे २०१८च्या जूनमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने बंदीची सुधारलेली आवृत्ती कायम केली, तेव्हा हसू मावळलं. २०२१ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी ती उठवली. जून २०२५ मध्ये ती परत आली, त्या खेपेला बारा देशांसाठी, आणि इराण पुन्हा यादीत.

परदेशातल्या इराण्यांवर लिहायचं म्हटलं की लेखणी दोन ठरलेल्या दिशांना जाते. एक म्हणजे लॉस एंजलिसचा वेस्टवुड बुलेवार्ड: केशराचं आइस्क्रीम, फार्सी पुस्तकांची दुकानं, 'तेहरानजेलिस' हे लाडाचं नाव. दुसरी म्हणजे १९७९च्या क्रांतीआधीच्या शहाच्या, म्हणजे राजाच्या, काळातला सिंह-सूर्याचा झेंडा घेऊन रस्त्यावर उतरलेली माणसं आणि 'यांच्यापैकी उद्याचा नेता कोण' हा टीव्हीवरचा प्रश्न. मला या समाजाचं वर्म तिसरीकडेच दिसतं. ते आहे येण्याजाण्यात. स्थलांतरित समाज नांदता राहतो तो देवळं-मशिदी, मंडळं आणि खानावळींवर जितका, तितकाच परतीच्या तिकिटावर. इराण्यांचं ते तिकीट दोन्ही टोकांनी फाडलं गेलं आहे: तेहरानमधल्या राजवटीने एकीकडून, आणि त्या राजवटीला धडा शिकवायला निघालेल्या सरकारांनी दुसरीकडून. पहिल्यांबद्दल भरपूर लिहून येतं. दुसऱ्यांना आपण फार स्वस्तात सोडतो, असं माझं म्हणणं आहे.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जायला नको. आपल्या ओळखीत निदान एक घर असं असतंच, की जिथे मुलीचं बाळंतपण न्यू जर्सीला आणि आई सहा महिन्यांसाठी तिकडे. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, थालीपिठाची भाजणी. 'आईचा व्हिसा झाला का?' हा प्रश्न आपण 'पाऊस आहे का तिकडे?' इतक्या सहज विचारतो. वेळ लागतो, मुलाखतीची तारीख मिळत नाही म्हणून आपण वैतागतो, पण ते प्रकरण मुंबईच्या वकिलातीत मिटतं. तेहरानमध्ये अमेरिकेची वकिलातच नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये ती विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतली, ओलीस ४४४ दिवस डांबले गेले, आणि १९८०च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांचे संबंध तुटले ते आजवर जुळलेले नाहीत. तेव्हापासून शिराझच्या किंवा तब्रीझच्या आईने मुलीकडे जायचं म्हणजे आधी अंकारा, येरेवान नाहीतर दुबई गाठायची. विमानभाडं, हॉटेल, दुभाषा, आणि एवढं करून पदरात नकार. आपल्या वैतागाची आणि त्यांच्या वैतागाची जात वेगळी आहे.

हे नेहमीच असं नव्हतं, आणि त्याचा दाखला मुंबई-पुण्यातच आहे. याझ्द आणि केरमान भागातल्या झोरास्ट्रियन लोकांना एकोणिसाव्या शतकात जिझिया भरावा लागे, वर रोजचा अपमान. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांना आपले दूत म्हणून इराणला धाडलं. त्यांच्या खटपटीतून १८८२ मध्ये शहाने हा कर माफ केला. तरी दुष्काळ आणि गरिबी होतीच, आणि लोक मुंबईला येतच राहिले. पारशी शेकडो वर्षांपूर्वीचे, हे नवे. म्हणून यांना आपण 'इराणी' म्हणायला लागलो. धोबी तलावाची कयानी १९०४ची (डर्बी लाइनच्या ग्रंथालयाला समवयस्क), बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ची, पुण्याचं गुडलक १९३५चं. सगळे झोरास्ट्रियन नव्हते. याझ्दकडचे शिया मुसलमानही याच धंद्यात होते, आणि डोंगरीजवळची निळ्या फरशांची मुघल मशीद १८६० साली एका शिराझी व्यापाऱ्याने बांधली. पुण्यात जन्मलेल्या आर्देशीर इराणींनी १९३१ साली भारताचा पहिला बोलपट काढला हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्याच इंपीरियल फिल्म कंपनीत १९३३ मध्ये पहिला फार्सी बोलपटही तयार झाला आणि तो तेहरानमध्ये चालला, हे शिकत नाही.

या साऱ्या वैभवाच्या मुळाशी बोट होती. मुंबईहून आखाताकडे बोटी जात. कमावलेला पैसा गावी जाई, लग्नाला मुलगा गावी जाई, हॉटेलात नवा भागीदार गावाहून येई. बनमस्का आणि मावा केक यांच्यावर आपण कौतुकाने रकाने भरतो. त्या येण्याजाण्याबद्दल ओळही नसते. (आपल्या वर्तमानपत्रांत 'इराणी' शब्दाचं आणखी एक रूप आहे, 'इराणी टोळी'. साखळीचोरीच्या बातमीत एक अख्खी वस्ती त्या एका शब्दात गुन्हेगार होते. कॅफेवाला इराणी प्रेमळ म्हातारा, वस्तीतला इराणी संशयित. पासपोर्टवरून माणूस जोखण्याची खोड काही फक्त वॉशिंग्टनची नाही.)

समोरच्या किनाऱ्यावरही तीच गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या लिंगे बंदरात जकात वाढली, तसे बस्तक भागातले व्यापारी आखात ओलांडून दुबईला गेले. वाऱ्याचे मनोरे असलेली त्यांची घरं ज्या मोहल्ल्यात आहेत त्याला बस्तकिया म्हणत. आज पर्यटक तिथे फोटो काढतात. त्या घरांतली माणसं मात्र पिढ्यान् पिढ्या दोन्ही किनाऱ्यांवर राहिली, कारण मध्ये फक्त पाणी होतं.

१९७९च्या क्रांतीनंतर बाहेर पडलेल्यांचं तसं राहिलं नाही. आधी गेले ते शहाचे अधिकारी, कारखानदार, ज्यू आणि बहाई कुटुंबं. पाठोपाठ ज्या डाव्यांनी क्रांती केली तेच डावे. १९८० ते ८८च्या इराकबरोबरच्या युद्धात आईबापांनी पोरसवदा मुलं डोंगरवाटांनी तुर्कस्तानात, पाकिस्तानात काढून दिली. त्यांतली कितीतरी पुढे स्वीडन-जर्मनीत वाढली. २००९च्या निवडणुकीनंतरच्या धरपकडीमुळे पत्रकार गेले, मग डॉक्टर, अभियंते, परिचारिका. इराण सरकारचाच आकडा चाळीस लाखांवर जातो. या सगळ्यांना 'इराणी डायस्पोरा' या एका पोत्यात भरणं म्हणजे पेशव्यांचे कारभारी, गिरणगावातले कामगार आणि हिंजवडीतले प्रोग्रॅमर यांना एका पंगतीत बसवून 'मराठी माणूस काय म्हणतो' असं विचारण्यासारखं आहे.

मला यातला एकच नमुना जवळून माहीत आहे. २००९ ते २०१३ या काळात पुण्यात इराणी विद्यार्थी खूप होते. आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्यातला एक भाड्याने राहायचा. शिराझचा होता. आई त्याला शिराझीच म्हणायची. 'अरे शिराझी, चहा टाकलाय, येतोस का?' आणि तो नेमाने आधी नको म्हणायचा, कारण त्यांच्याकडे पहिल्या आग्रहाला होकार देणं शिष्टाचारात बसत नाही. आईला वाटे, याला आपला चहा आवडत नाही. चार महिन्यांनी उलगडा झाला. मग ती त्याला तीनदा विचारायची, तिसऱ्याला तो हसत यायचा. साखर कपात घालायची नाही, खडा दाताखाली धरून वर चहा प्यायचा. आमच्या आमटीत त्याने एकदा वाळवलेलं काळं लिंबू टाकलं होतं; बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

२०१२च्या मार्चमध्ये अणुकार्यक्रमाची शिक्षा म्हणून इराणच्या बऱ्याच बँका स्विफ्ट या बँकांच्या जागतिक जाळ्यातून तोडल्या गेल्या. शिराझीचे वडील शाळामास्तर. अणुबॉम्बशी त्यांचा संबंध आमच्याइतकाच. पण फीचे पैसे पाठवायची वाट बंद. त्या ऑक्टोबरात रियाल काही दिवसांत धाडकन कोसळला आणि वडिलांनी वर्षभर साठवलेले पैसे एका सत्राच्या फीलाही पुरेनात. मी त्याच्याबरोबर एका बँकेत गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, मिटला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'इराण ना? मग वर विचारावं लागेल.' वर म्हणजे कुठे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तीन आठवडे उत्तर आलं नाही. शेवटी दुबईतल्या एका सराफाच्या ओळखीने, मग मुंबईतल्या कुठल्यातरी दुकानातून, रोख रक्कम पिशवीतून आली. चोख कायदेशीर फी बेकायदा वाटेने भरली गेली. शिराझी त्या रात्री जेवला नाही. घरमालकीणबाईंपुढे आपण हवाल्याने पैसे आणले याची त्याला लाज वाटत होती.

आता गंमत अशी, की अमेरिकेच्या निर्बंधांत कुटुंबातल्या कुटुंबात खासगी पैसे पाठवण्याला कागदोपत्री मुभा आहे. पण दंडाची तलवार एवढी मोठी, की बँका मुभेच्या ओळी वाचतच नाहीत. इराण शब्द दिसला की खातं गोठवून मोकळ्या होतात. सॉफ्टवेअर कंपन्यांनीही तेच केलं. २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने इराणमधल्या प्रोग्रॅमरांची खाती मर्यादित केली. सरकारकडून खास परवाना मिळवून ती पुन्हा खुली व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं. त्या दीड वर्षात राजवटीचं काय बिघडलं? क्षेपणास्त्रं बनवणारे परदेशी वेबसाइटवर खातं उघडून बसलेले नव्हते.

कॅनडाचं उदाहरण मला सर्वांत बोचतं, कारण तो देश बाकी स्थलांतरितांशी बराच सभ्य वागतो. टोरंटोच्या उत्तरेला याँग स्ट्रीटवर मैलभर फार्सी पाट्या आहेत. लोक त्याला 'तेहरांटो' म्हणतात. २०१२च्या सप्टेंबरात कॅनडाने तेहरानमधली वकिलात बंद केली आणि इराणच्या मुत्सद्द्यांना घालवून दिलं. राजवटीला चपराक, म्हणून टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशीपासून याँग स्ट्रीटवरच्या माणसाला पासपोर्टचं नूतनीकरण, बापाच्या घराच्या विक्रीसाठी मुखत्यारपत्र, वारसाचा दाखला, यांतल्या कशासाठीही दार उरलं नाही. ती कामं वॉशिंग्टनमध्ये, पाकिस्तानच्या वकिलातीच्या छत्राखाली चालणाऱ्या इराणी कक्षातून करायची. आणि पासपोर्ट न करून चालत नाही, कारण इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. इराणी बापाच्या पोटी जन्मलेला माणूस जगात कुठेही जन्मो, इराणच्या दृष्टीने इराणी, आणि त्याने देशात शिरायचं ते इराणी पासपोर्टवरच.

मग ८ जानेवारी २०२० ची पहाट. तेहरानहून कीव्हला निघालेलं युक्रेनचं पीएस७५२ विमान इराणच्याच क्रांतिरक्षक दलाच्या क्षेपणास्त्रांनी पाडलं. १७६ जण गेले. त्यांतले १३८ पुढे कॅनडाला चालले होते. सुट्टी संपवून परतणारे विद्यार्थी, प्राध्यापक, नुकती लग्नं झालेली जोडपी. तीन दिवस राजवटीने यांत्रिक बिघाडाची थाप मारली. मृतदेह ताब्यात घ्यायचे, कागद मिळवायचे, तपासाला माणसं पाठवायची, आणि कॅनडाचा तेहरानमध्ये एक कारकूनही नाही. ओटावाहून निघालेलं पथक व्हिसाची वाट बघत अंकारात बसून राहिलं. सात वर्षांपूर्वी मारलेली चपराक कोणाच्या गालावर बसली, ते त्या आठवड्यात दिसलं.

याला मिळणारं उत्तर मला माहीत आहे, आणि ते पोकळ नाही. इराणचे हस्तक परदेशात खरोखर माणसं मारतात. शहाचे शेवटचे पंतप्रधान शापूर बख्तियार यांना १९९१ मध्ये पॅरिसजवळ घरात घुसून मारलं. १९९२च्या सप्टेंबरात बर्लिनच्या मिकोनोस उपाहारगृहात चार विरोधकांना गोळ्या घातल्या, आणि १९९७ मध्ये जर्मन न्यायालयाने त्याचा धागा थेट तेहरानच्या वरच्या वर्तुळापर्यंत नेला. २०२४च्या जुलैत जर्मनीने हॅम्बुर्गचं इस्लामिक केंद्र बंद केलं, तेही राजवटीची शाखा म्हणूनच. तेव्हा इराणी पासपोर्टकडे दोनदा बघितलं तर बिघडलं कुठे?

२०१८चं एक प्रकरण बघू. पॅरिसजवळ विरोधकांच्या मेळाव्यात स्फोट घडवायचा कट होता. बॉम्ब युरोपात आणला असदोल्ला असदी याने. हा व्हिएन्नातला इराणचा मुत्सद्दी, राजनैतिक पासपोर्टवाला. त्याने बॉम्ब ज्या जोडप्याच्या हाती दिला ते बेल्जियमचं नागरिकत्व मिळवलेलं इराणी जोडपं होतं. हा दुसरा भाग माझ्या सोयीचा नाही, म्हणून तो आवर्जून सांगते. स्थलांतरितांतही विकले जाणारे निघतात. पण पकडले कसे गेले? गुप्तचरांनी नेमकी माहिती काढली, पाळत ठेवली, वाटेत अडवलं. त्या कामात शिराझच्या आजीला व्हिसा नाकारण्याचा उपयोग शून्य होता. सरसकट बंदीच्या चाळणीत बॉम्बवाला मुत्सद्दी अडकत नाही, बेल्जियमचा नागरिक अडकत नाही. अडकते ती एकच पेटी घेऊन आलेली बाई. २०२१ मध्ये असदीला वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२३ मध्ये इराणने पकडून ठेवलेल्या एका बेल्जियन मदतकार्यकर्त्याच्या बदल्यात तो सुटून घरी गेला. त्याच्या परतीच्या तिकिटाची सोय दोन सरकारांनी मिळून केली.

ओलीस ठेवणं हा तेहरानचा जुना धंदा, आणि त्यात गिऱ्हाईक म्हणून सापडतात ते मुख्यतः दुहेरी नागरिक. लंडनला राहणाऱ्या नाझनीन झघारी-रॅटक्लिफ २०१६ मध्ये लहान लेकीला आजीआजोबांकडे नौरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, घेऊन गेल्या होत्या. परतताना विमानतळावर अटक झाली आणि सुटका व्हायला मार्च २०२२ उजाडला, ब्रिटनने शहाच्या काळातलं रणगाड्यांचं चाळीस कोटी पौंडांच्या घरातलं देणं चुकतं केल्यावर. हे बघून कितीजणांनी आपली तिकिटं रद्द केली असतील ते कोणी मोजलेलं नाही. आईच्या अंत्यविधीला फोनवरून हजर राहणं ही या समाजात आता नित्याची गोष्ट आहे.

वाट अशी दोन्हीकडून चिणली गेली की समाजाच्या आत काय होतं? जो इराणला जाऊन येतो त्याच्याकडे बाकीचे संशयाने बघतात: याला बरं जाऊ दिलं? जो जात नाही त्याच्या मनातला इराण तो निघाला त्या वर्षी थांबतो. १९७९ला निघालेल्याच्या डोळ्यांसमोर शहाचं तेहरान, १९८८ला निघालेल्याच्या डोळ्यांसमोर राजकैद्यांच्या फाशीच्या याद्या. दोघे एकाच मंडळाच्या कार्यक्रमात शेजारी बसतात आणि झेंडा कोणता लावायचा यावर भांडतात. हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीच्या पोलिसांच्या ताब्यातल्या मृत्यूनंतर २०२२च्या २२ ऑक्टोबरला बर्लिनमध्ये ऐंशी हजार लोक जमले होते. त्या लाटेवर २०२३च्या मार्चमध्ये शहाचे पुत्र रझा पहलवी, पत्रकार मसीह अलीनेजाद, त्या पाडलेल्या विमानात बायको आणि मुलगी गमावलेले हामेद इस्माइलियोन अशा मंडळींनी संयुक्त सनद काढली. एप्रिल संपायच्या आत ती आघाडी मोडली. 'यांच्यात एकीच नाही' असं तेव्हा जगभरच्या समीक्षकांनी नाक मुरडलं. एकी कशी असेल? एकमेकांच्या आठवणी ताडून बघायची एकच जागा, ती म्हणजे खुद्द इराण, आणि तिथे एकत्र कोणी जाऊ शकत नाही. तेहरानच्या राज्यकर्त्यांना हे भांडण फुकटात मिळतं. निर्बंध आणि बंदी घालणारे त्यांना ते पुरवतात, वर कठोर धोरण म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतात.

लोक आपल्या परीने वाटा शोधतात. नौरोजच्या सुट्टीत येरेवानची हॉटेलं इराण्यांनी भरतात: लॉस एंजलिसचे गायक तिथे मैफली करतात, तेहरानची मुलं ऐकायला येतात. गुगुश ही त्यांची लाडकी गायिका क्रांतीनंतर एकवीस वर्षं देशात गप्प बसली. २००० साली बाहेर पडून टोरंटोत पुन्हा गायली. भेट असो की गाणं, सगळं तिसऱ्या देशात. फार्सीत घरापासून दूर असण्याला 'घोर्बत' म्हणतात आणि तशा माणसाला 'घरीब'. तो शब्द आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ झाला पैसे नसलेला.

एक काटा मात्र इराण्यांच्याही पायाखाली आहे, तो झाकून हा लेख पुरा करता येणार नाही. लाखो अफगाण इराणमध्ये दशकानुदशकं राहिले, तिथे बांधकामं केली, तिथेच त्यांची मुलं जन्मली, आणि ती मुलं परकीच राहिली. इराणी आई आणि परदेशी बाप यांच्या मुलांना नागरिकत्व मागण्याचा हक्क मिळायलाही २०१९ उजाडलं. २०२५च्या जूनमधल्या इस्रायलबरोबरच्या बारा दिवसांच्या युद्धानंतर तर हेरगिरीच्या संशयाचं निमित्त पुढे करून लाखो अफगाणांना सीमेपलीकडे ढकललं गेलं. टोरंटोतल्या आणि बर्लिनमधल्या कितीतरी इराण्यांनी याविरुद्ध आवाज उठवला, कितीतरी गप्प बसले. काउंटरच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत यावर पासपोर्टचा वास बदलतो.

म्हणून मागणी छोटीच असावी. राजवट उलथून द्या, असं परक्या सरकारांना सांगण्याची माझी ऐपत नाही आणि इच्छाही नाही. अमेरिका-ब्रिटनने तिथलं सरकार उलथवलं त्या १९५३ पासून त्या खेळाचे परिणाम इराणने भोगले आहेत. राजदूत जरूर हाकला. पण पासपोर्ट, मुखत्यारपत्र, वारसदाखला देणारी खिडकी तिसऱ्या देशाच्या छत्राखाली का होईना, त्याच शहरात चालू ठेवा. विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा जाता-येता येईल असा व्हिसा द्या. अमेरिकेने २०११ मध्ये इराणी विद्यार्थ्यांसाठी तशी सोय केली होती, आकाश कोसळलं नव्हतं. घरच्यांना पाठवायच्या पैशांना जी मुभा कायद्यात आहे ती पाळणाऱ्या बँकेला दंड होणार नाही, असं लेखी द्या. आणि आपण भारतातल्यांनी तर अशा मुलाचा अर्ज 'वर' पाठवताना, वर कोण बसलंय ते आधी शोधावं.

डर्बी लाइनची ती वाटही आता राहिलेली नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या लोकांसाठी पुढच्या दाराचा रिवाज बंद करायला सुरुवात केली. ग्रंथालयाने कॅनडाच्या बाजूने नवं दार काढायला घेतलं.

शिराझी २०१३ मध्ये पदवी घेऊन घरी गेला, नोकरी केली, आणि २०२२ नंतर बऱ्याच जणांसारखा तोही निघाला. आता टोरंटोच्या उत्तरेला असतो. या वर्षी नौरोजच्या सुमारास त्याचा निरोप आला. कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला पुण्याच्या पोलिसांचा दाखला हवा, त्यासाठी तो आमच्याकडे राहत होता याचा पुरावा हवा. बाबा गेल्याला चार वर्षं झाली, पण त्यांचं कपाट जसंच्या तसं आहे. भाडेकरार सापडला: शंभराच्या मुद्रांकावर बाबांची सही, खाली डावीकडून उजवीकडे जपून काढलेली त्याची इंग्रजी सही, आणि पत्त्यात शिराझची एक गल्ली. फोटो काढून पाठवला. उत्तर लगेच आलं, 'दस्ते शोमा दर्द नकोने, ताई.' तुमचा हात दुखू नये. त्यांच्याकडे आभार असे मानतात.

मी विचारलं, तुझ्या आईच्या व्हिसाचं काय झालं? म्हणाला, तारीख मिळाली आहे. अंकाराची, बोटांचे ठसे द्यायला.